‘तुमची चौकशी करू का?’ हे विचारायचं कसं

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते आहे.)

ताई, मी ६१ वर्षांची आहे. राहत्या घराशिवाय आमचं एक छोटं घर आहे, ते भाड्याने देते. यजमान गेल्यापासून घरखर्चाचा बराचसा भार त्या भाड्यावरच आहे. मागच्या भाडेकरूने शेवटचे पाच महिने भाडं दिलं नाही. दोन महिन्यांचं अनामत रकमेतून वळतं करून घेतलं, बाकी बुडालं. माणूस वाईट नव्हता. त्याची नोकरी गेली होती, ते मला फार उशिरा कळलं. आता एक तिशीतली मुलगी घर बघून गेली. एकटीच राहणार आहे. बोलायला नीट, मला आवडली. पण मुलगा म्हणतो, या वेळी पूर्ण चौकशी केल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. म्हणून मी तिला सहज म्हटलं, ‘आधीच्या घरमालकांचा नंबर देऊन ठेव.’ ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘देते नंतर.’ चार दिवस झाले, नंबर आलेला नाही. माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक जण तिच्याच कंपनीत आहे. भाचा म्हणतो, ‘सोमवारी तो गुपचूप बघून सांगेल, तिला कळणारही नाही.’ मला ते बरं वाटत नाही. पण तोंडावर ‘तुझी चौकशी करू का’ असं विचारणं तर त्याहून वाईट. आपल्याला चोर समजतात असं तिला वाटेल. आणि समजा विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर? नाही म्हणणं म्हणजेच काहीतरी लपवणं नाही का? खरं सांगते, परवा रात्री मी तिचे फोटो मोबाईलवर शोधून बघितले. मैत्रिणींबरोबरचे होते. त्यावरून काही कळलं नाही, उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं.

– एक घरमालकीण

नमस्कार.

‘तिला कळणारही नाही’ या तुमच्या भाच्याच्या वाक्यापाशी मी अडकले. कारण असल्या गोष्टी कळतात, आणि कशा कळतात ते मी एकदा अनुभवलंय.

मी नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती आणि घर बदलायच्या विचारात होते. एक घर आवडलं. त्या घराच्या मालकांनी मला काही न विचारता, न सांगता सरळ माझ्या ऑफिसात फोन केला. तेव्हा आमच्या आख्ख्या विभागात एकच फोन, तोही हेडक्लार्कच्या टेबलावर. हेडक्लार्कनी रिसीव्हरच्या तोंडावर तळवा ठेवला आणि हॉलच्या त्या टोकाला बसलेल्या मला मोठ्याने विचारलं, ‘अहो, घर सोडताय का तुम्ही?’ पंधरा-वीस माना माझ्याकडे वळल्या. त्यातली एक मान माझ्या तेव्हाच्या घरमालकांच्या मेव्हण्याची होती. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा घरमालक दारातच उभे. ‘आम्हाला सांगायची पद्धत नाही का?’ मी सांगणारच होते, नवं घर पक्कं झाल्यावर. पुढचा महिनाभर त्या घरात पाण्यापासून दिव्यापर्यंत सगळ्यावरून कुरबूर झाली. ज्यांनी फोन केला होता त्यांचं घर मी घेतलं नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते हो. मला तोंडावर विचारून अवघडवायचं नाही, एवढाच त्यांचा सद्हेतू होता. तुमचा आहे तसाच.

तेव्हा गुपचूप चौकशीमागचा पहिला समज, की त्यात समोरच्याचा मान राखला जातो, तो मला पटत नाही. त्यात फक्त आपला अवघडलेपणा वाचतो, आणि त्याची किंमत मोजायची वेळ आली तर ती मोजणार ती मुलगी. शिवाय हाताला काय लागणार आहे याचा विचार करा. भाच्याच्या ओळखीचा माणूस सोमवारी संध्याकाळी काय सांगेल? ‘चांगली आहे म्हणतात’ किंवा ‘जरा फटकळ आहे म्हणतात’. ती भाडं वेळेवर देते का, घर सोडताना भिंती कशा ठेवून गेली, हे तिच्या ऑफिसातल्या कुणालाच माहीत नसतं. आणि त्याने खरोखरच तिची फाईल उघडून पगार बघितला, तर उद्या त्याच्याच नोकरीवर बालंट येऊ शकतं. इतरांची माहिती खाजगी कामासाठी बघणं कुठल्याही कंपनीत गैरवर्तनच धरतील. तुमच्या दोन ओळींच्या माहितीसाठी तीन माणसं अडचणीत. नको तो सोमवार.

आता दुसरा समज. विचारणं म्हणजे चोर समजणं. बँकेत कर्ज मागायला गेलात तर बँक तुमची कागदपत्रं मागते, नोकरी देणारा आधीच्या साहेबांचं नाव विचारतो. आपण मुकाट देतो, कुणी रुसत नाही, कारण तिथे काय विचारणार आणि कशासाठी हे आपल्याला ठाऊक असतं. तुमच्याकडे काय झालं? तुम्ही ‘सहज’ म्हणालात. मला वाटतं, गोची त्या सहजपणातच आहे. नंबर कशासाठी, कुणाचा, फोन कधी करणार, काय विचारणार, तिला काहीच सांगितलं नाही. एका वाक्यात एका तिसऱ्या माणसाचा नंबर मागितला, तोही ‘देऊन ठेव’ म्हणून. ती गप्प झाली यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

ती का गप्प झाली असेल, याची तुमच्या मनात एकच शक्यता आहे: काहीतरी लपवायचं असेल. ती शक्यता मी पुसून टाकत नाही. कुठेतरी भाडं थकवलेलं असूही शकतं. पण तिच्या शेजारी आणखी काही मांडून बघा. माझ्यासारखं, सध्याच्या घरमालकांना अजून सांगितलेलं नसेल. अनामत परत मिळण्यावरून वाद चालू असेल आणि हा मनुष्य आपल्याविषयी चांगलं बोलणार नाही अशी धास्ती असेल. आजवर आईवडिलांकडे किंवा वसतिगृहातच राहिली असेल आणि ‘आधीचे घरमालक’ असे कुणी नसतीलच, आणि ते सांगायला कमीपणा वाटत असेल. किंवा, आणि एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत हे विसरू नये, ती कुणापासून तरी दूर जात असेल आणि आपण कुठे चाललोय हे जुन्या पत्त्यावर कुणालाच कळू द्यायचं नसेल. या शेवटच्या शक्यतेत न विचारता केलेला एक फोन नुसता अवघड नाही, धोक्याचा ठरू शकतो. लपवणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. काही जण स्वतःला लपवत असतात.

म्हणून माझा आग्रह असा की ‘करू का?’ असा एकच होकार-नकाराचा प्रश्न टाकूच नका. त्याला ‘हो’ म्हणावंच लागतं आणि ‘नाही’ म्हटलं की संशय येतो. त्याऐवजी आधी तुम्ही काय करणार ते सांगा आणि मग विचारा: ‘यातल्या कुणाला फोन केलेला तुम्हाला अडचणीचा होईल का?’ या प्रश्नाला माणूस कारणासकट उत्तर देतो. ‘आत्ताच्या मालकांना नको, अजून सांगितलं नाहीये, पण त्याआधीच्या काकूंना खुशाल करा.’ आणि गंमत म्हणजे तुम्हाला हवी असते ती माहिती बहुतेक वेळा त्या आधीच्या काकूंकडेच मिळते. सध्याच्या घरमालकाचा स्वार्थ अडकलेला असतो ना. नकोसा भाडेकरू असेल तर तो गेला पाहिजे म्हणून हे तोंडभर कौतुक करतील, आणि हवासा असेल तर जाऊ नये म्हणून नाक मुरडतील. त्याच्या आधीच्याला आता कशाचंच देणंघेणं नसतं, म्हणून तो खरं बोलतो.

असं सांगून-विचारून मिळवलेल्या होकाराला मी मुद्दाम संमती म्हणते आहे, कारण तो शब्द आता नुसत्या शिष्टाचाराचा राहिलेला नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी युरोपीय संघाचा जीडीपीआर नावाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. संमती मोकळेपणाने, ठरावीक कारणासाठी, समजून-उमजून आणि स्पष्टपणे दिलेली हवी, आणि ती द्यायला जितकी सोपी तितकीच मागे घ्यायलाही सोपी हवी, असं तो सांगतो. भारतात २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातही संमतीची कल्पना जवळपास अशीच आहे. अमेरिकेत १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आहे. तिथे लोकांची माहिती गोळा करून पुरवणाऱ्या एखाद्या एजन्सीच्या अहवालावरून घर नाकारलं तर त्या माणसाला तसं कळवावं लागतं, एजन्सीचं नाव द्यावं लागतं, आणि त्याला ६० दिवसांच्या आत त्या अहवालाची प्रत फुकट मागता येते, चुकीचं काही असेल तर हरकत घेता येते. एका घराच्या मालकिणीला यातलं प्रत्येक कलम लागू होईलच असं नाही. तुमच्या भागात काय लागू आहे ते करार करणाऱ्या वकिलांना विचारा. काही ठिकाणी भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. तसं असेल तर त्याला संमतीचा मुलामा देऊ नका. ‘हे मला करावंच लागतं’ असं सरळ सांगा. जिथे नाही म्हणायची सोय नाही, तिथे सही मागणं म्हणजे थट्टाच.

आणि इथे एक खरी अडचण आहे, ती मी लपवत नाही. घराची गरज असलेल्या माणसाची संमती कितीशी मोकळी असणार? ‘सही करा नाहीतर दुसरीकडे बघा’ या टोकावर बसून दिलेला होकार हा होकारच आहे का? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. मागणं लहान ठेवायचं, म्हणजे गरजेपुरतंच. आणि प्रत्येक मागण्याला एक पर्याय द्यायचा. घरमालकांना फोन नको, तर भाडं गेल्याच्या बँकेतल्या नोंदी दाखवा. बाकीच्या ओळी झाकल्या तरी चालतील. ऑफिसात फोन नको, तर कंपनीचं पत्र किंवा पगाराची पावती तुम्हीच आणून दाखवा. असा पर्याय हातात असला की नाही म्हणायला जागा उरते, आणि मग आलेल्या होकाराला अर्थ येतो.

हे सगळं एका कागदावर उतरवा. छापील फॉर्म बाजारात मिळतात, इंटरनेटवरही पडलेत, पण त्यातले बरेच ‘कोणतीही माहिती कोणाकडूनही मिळवण्यास माझी हरकत नाही’ अशा थाटाचे असतात. असल्या वाक्यावर मी सही केली नसती, तुम्हीही करू नका आणि दुसऱ्याकडून करवूनही घेऊ नका. मी असं काहीतरी लिहीन:

‘आपण आमचं घर भाड्याने घेण्याची इच्छा दाखवली आहे. करार करण्याआधी मी पुढील गोष्टींची खात्री करून घेऊ इच्छिते. एक, आपण खाली दिलेल्या आधीच्या घरमालकांना मी एकदा फोन करून राहण्याचा कालावधी, भाड्याची नियमितता आणि घर सोडतानाची स्थिती एवढंच विचारीन. दोन, आपण सध्या नोकरीत आहात याची खात्री आपण दिलेल्या पत्रावरून करीन. पत्र शक्य नसेल तर आपण सांगाल त्याच व्यक्तीला फोन करीन. तीन, आपलं ओळखपत्र पाहीन. याव्यतिरिक्त कुणाकडेही चौकशी करणार नाही. मिळालेली माहिती मी आणि माझा मुलगा यांच्याशिवाय कुणाला दाखवणार नाही. करार झाला नाही तर आपले कागद एका महिन्यात परत देईन किंवा नष्ट करीन. यातलं काही आपल्याला नको असेल तर खाली लिहा. आपण दुसरा मार्ग काढू. दिलेली परवानगी आपण कधीही मागे घेऊ शकता.’

खाली तारीख, दोघींच्या सह्या, दोघींकडे एकेक प्रत. हो, तुमचीही सही. तुम्हीही त्यात शब्द देताय. आणि बोलताना तुम्ही तिला ‘अगं तू’ म्हणत असाल तर म्हणा, ते गोडच आहे, पण कागदावर मात्र ‘आपण’ लिहा. व्यवहाराच्या कागदावर वय विरघळतं.

कागद कधी द्यायचा? घर बघायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात नव्हे. घर तिला पसंत, ती तुम्हाला पसंत, भाडं-अनामतीचं बोलणं झालं, आता फक्त शब्द द्यायचा राहिलाय, अशा वेळी. दहा जणांची माहिती गोळा करून नऊ जणांची घरात पडू देणं हा एक प्रकारचा हावरेपणाच आहे. आणि पुढच्या खेपेला एखादं जोडपं आलं किंवा ओळखीतून कुणी आलं, तरी हाच कागद त्यांच्याही पुढे ठेवा. एकटी मुलगी आली म्हणून चौकशी आणि कुटुंब आलं म्हणून चहा, असं झालं तर तिला चोर समजल्यासारखं वाटलं तर चूक तिची नसेल. तुमचा मागचा भाडेकरू एकटा होता की सहकुटुंब, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढा प्रश्न मनाशी विचारून बघा.

फोनवर काय विचारायचं, यात मात्र थोडी हुशारी लागते. पहिल्यांदा, परवानगीने फोन करतोय हे सांगून सुरुवात करा. ‘अमुक यांनी तुमचा नंबर दिला, त्यांना विचारूनच फोन करतेय’ असं म्हटलं की पलीकडचा माणूस सैल होतो, नाहीतर तो सावधपणे ‘हो, ठीक होत्या’ म्हणून फोन ठेवतो. गुपचूप चौकशीत हेही हातचं जातं. मग तारखा आपण सांगायच्या नाहीत. ‘त्या तुमच्याकडे दोन वर्षं होत्या ना?’ याला कुणीही ‘हो’ म्हणेल, अगदी घरमालक म्हणून उभा केलेला मित्रसुद्धा. ‘कधीपासून कधीपर्यंत होत्या?’ असं विचारा आणि तिने लिहिलेल्या तारखांशी ताडून बघा. खऱ्या घरमालकाला महिना तरी आठवतोच, निदान पाऊस होता की थंडी ते आठवतं. भाडं कधी उशिरा झालं का, झालं तर आधी कळवत होत्या का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. अनामत पूर्ण परत केली का? कापली असेल तर कशासाठी? आणि शेवटी एकच: ‘उद्या घर रिकामं झालं तर त्यांनाच पुन्हा द्याल का?’ इथे शब्दांपेक्षा उत्तर यायला लागणारा वेळ ऐका. ‘देईन की!’ आणि ‘अं... हो, द्यायला हरकत नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फोन रेकॉर्ड करू नका. कागदावर चार ओळी टिपून घ्या, पुरे.

काय विचारायचं नाही तेही सांगते. लग्न का नाही केलं, कोण येतं-जातं, जात-धर्म काय, तब्येत कशी, मूल होणार आहे का. यातल्या कशाचाही भाडं वेळेवर येण्याशी संबंध नाही. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाऊसिंग ॲक्टने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी केली. स्त्री-पुरुष भेद त्यात १९७४ साली आला, अपंगत्व आणि लहान मुलं असलेली कुटुंबं १९८८ साली. म्हणजे ‘हे विचारू नये’ हे त्या समाजालाही एकदम सुचलं नाही, टप्प्याटप्प्याने सुचत गेलं. आपण घरबसल्या एका दमात शिकू शकतो, हा आपला फायदा. आणि ते फोटो. तुम्ही स्वतःहून कबूल केलंत म्हणून रागावत नाही. ओशाळल्यासारखं झालं ना? ते बरोबर झालं. तिथे दिसतात लग्नं, सहली, वाढदिवस, आणि त्यातून आपण नको ते तर्क बांधतो. तुम्ही लिहिता ‘काही कळलं नाही’. कळण्यासारखं तिथे नसतंच.

आता ज्या गोष्टीपासून हे सगळं सुरू झालं तिकडे येऊ. मागच्या भाडेकरूविषयी तुम्ही दोन वाक्यं लिहिलीत: माणूस वाईट नव्हता, आणि नोकरी गेलेली फार उशिरा कळली. तो माणूस घरात आला त्या दिवशी तुम्ही त्याची कसून चौकशी केली असती, तर काय कळलं असतं? नोकरी आहे, पगार आहे, आधीच्या घरमालकांची तक्रार नाही. सगळं चोख. तुम्ही त्याला किल्ली दिलीच असती. तुमचं नुकसान चौकशी न केल्यामुळे झालेलं नाही. मुलाला हे सांगून बघा. चौकशी मागचं सांगते, पुढचं सांगत नाही.

पुढचं सांभाळायला वेगळ्या गोष्टी लागतात, आणि त्यांना कुणाची संमती मिळवायची खटपट नाही, फक्त करार नीट हवा. भाडं किती तारखेपर्यंत, उशीर झाला तर कधी आणि कसं कळवायचं, किती दिवस थकल्यावर करार संपवण्याची नोटीस जाईल, हे लिहिलेलं असू द्या. अनामत तुमच्या भागातल्या कायद्यात बसेल तेवढीच, पण दोन-तीन महिन्यांचा फटका सोसेल अशी. आणि करार करताना एकदा तोंडाने सांगा: ‘नोकरीचं काही वरखाली झालं तर मला पहिल्या महिन्यात सांगा. पाचव्या महिन्यात सांगितलंत तर मला काहीच करता येत नाही.’ तुमच्या मागच्या भाडेकरूला हे कुणी म्हटलं असतं, तर त्याने सांगितलं असतं असं मला वाटतं. लाज वाटणारा माणूस दार बंद करून बसतो. आधीच दार किलकिलं ठेवलं असेल तर येतो.

तुमचा प्रश्न राहिला: ती नाही म्हणाली तर? कशाला नाही म्हणाली, ते बघा. एका नंबराला नाही म्हणाली आणि कारण व पर्याय दिला, तर ती विचार करून वागणारी बाई आहे, एवढंच मी त्यातून काढीन. आधीचं घरच नसेल तर वसतिगृहाच्या रेक्टर, जुन्या साहेब, किंवा जामीन राहायला तयार असलेलं कुणी, यावर भागवता येतं; सुरुवातीला कमी मुदतीचा करार करून मग वाढवता येतो. स्वतःचा व्यवसाय असेल तर आयकर विवरणपत्र बघा. आणि कशालाच तयार नसेल, ना फोन, ना पत्र, ना बँकेच्या नोंदी, ना जामीन, तर तुम्ही बिनदिक्कत नाही म्हणा. घर तुमचं आहे, त्या भाड्यावर तुमचा महिना चालतो. तिला संमती नाकारायचा जसा हक्क, तसा तुम्हाला घर नाकारायचा. फक्त कारण स्पष्ट सांगा, ‘आमच्या घरात लग्न निघालंय’ अशा थापा नकोत. खरं कारण कळलं तर पुढच्या घराच्या वेळी तिला त्याची तयारी करता येते.

आणि फोनवर काही वाईट कळलं तर? लगेच निकाल देऊ नका, तिचं ऐकून घ्या. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना असंच कळलं होतं, ‘फार भांडकुदळ आहे’. विचारल्यावर निघालं, छत गळत होतं आणि त्या भाडेकरूने दर पावसाळ्यात तक्रार केली होती. गळक्या छताविषयी बोलणारा भाडेकरू मला तरी चालेल. न बोलणारा महागात पडतो. पैसे देऊन एखाद्या एजन्सीकडून पडताळणी करून घेणार असाल, तर त्या एजन्सीचं नाव संमतीपत्रात लिहा, खर्च शक्यतो तुम्ही करा, आणि अहवाल आला की एक प्रत त्या मुलीला द्या. नावसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचा खटला आपल्या नावावर दिसू शकतो, आणि ते फक्त ज्याचं नाव आहे त्यालाच ओळखता येतं.

ओळखपत्राच्या प्रतीवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहून तारीख टाका. मोबाईलवर आलेले फोटो काम झालं की पुसून टाका, कुटुंबाच्या ग्रुपवर तर टाकूच नका. भाच्याला मदत करायची फार हौस दिसते, म्हणून सांगितलं.

एक सूचना आणखी, ती ऐकून तुम्ही हसाल. तिला तुमच्याविषयी चौकशी करायची सोय करून द्या. तुमच्या आधीच्या एखाद्या भाडेकरूला विचारून त्याचा नंबर तिला द्या. अनामत वेळेवर परत देता का, नळ बिघडला तर किती दिवसांत माणूस पाठवता, न सांगता घरात येता का, हे तिलाही जाणून घ्यायचं असेलच. विचारायचं धाडस नसेल. पाच महिने थकवणाऱ्याचा नंबर नका देऊ म्हणा. पण त्याच्या आधी कुणी असेलच की!

आज तिला असा एक निरोप पाठवा: ‘परवा मी घाईत नंबर मागितला, कशासाठी ते सांगायचं राहिलं. एक कागद करून ठेवलाय, येऊन वाचून जा. त्यात काही नको वाटलं तर आपण बदलू.’ चहा ठेवा, कागद समोर ठेवा, आणि ती वाचत असताना स्वयंपाकघरात जा. आपल्या नजरेखाली माणूस नीट वाचत नाही.

त्याआधी भाच्याला फोन करून ‘राहू दे रे, मीच विचारते’ एवढं सांगा. सोमवार यायच्या आत.